अभ्यासाला बसावंसं वाटेल असा कोपरा आणि असा तास (छोट्या घरांसाठी)

दौतटाक (धागाकर्ता)

दहावीचं वर्ष सुरू झालं की भिंतीवर वेळापत्रक लागतं आणि "बस की अभ्यासाला" हे दिवसातून दहादा कानावर पडतं. अभ्यासाची नावड म्हणून आपण जे बघतो, त्यातलं बरंचसं जागेचं आणि सुरुवातीचं दुखणं असतं. वहीवर डोक्याची सावली पडते, पाय लोंबकळतात, कंपासपेटी सापडत नाही, आणि सगळं जमवून बसल्यावर कुठल्या धड्याला हात घालायचा तेच ठरलेलं नसतं. एवढं सगळं ओलांडून रोज बसायचं तर मोठ्यांच्याही जिवावर येईल. वन रूम किचन किंवा लहान वन बीएचकेमध्ये हे अडथळे कसे काढायचे, त्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकेल तिथे दुरुस्त करावं.

उजेडापासून सुरू करतो. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देते. दहा बाय दहाच्या खोलीत निम्मा उजेड भिंती, छत आणि सामानात जिरला असं धरलं तर टेबलावर १०० लक्सच्या (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उरतो. वाचायला-लिहायला ३०० ते ५०० लक्स हवा. त्यात ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असेल तर वहीवर आपलीच सावली. म्हणून ९ वॅटच्या एलईडी बल्बचा, मान वाकणारा टेबल लॅम्प घ्या. वहीपासून ४० ते ४५ सेंमी उंच, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे आणि डावखुऱ्याच्या उजवीकडे. बसलेल्या मुलाला शेडमधला बल्ब थेट दिसता कामा नये. ट्यूबही चालू ठेवा. अंधाऱ्या खोलीत फक्त वही उजळलेली असली की नजर वर-खाली करताना डोळे थकतात.

बल्बच्या खोक्यावर ४००० केल्विन (उजेडाच्या रंगछटेचं माप) लिहिलेलं बघा. ६५०० चा निळसर पांढरा रात्री बोचतो आणि झोपही लांबवतो. लॅम्प लावून मोबाईलचा कॅमेरा बल्बकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर बल्ब लुकलुकतोय, बदलून आणा.

बैठकीची कसोटी एकच: खांदे सैल सोडून बसल्यावर कोपर टेबलाच्या पृष्ठभागाच्या पातळीला यावं आणि तळवे जमिनीला टेकावेत. जेवणाचं टेबल ७५ सेंमी आणि खुर्ची ४५ सेंमी असते, ती मोठ्या माणसासाठी. दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्यावर खांदे उचलून लिहावं लागतं, मग अर्ध्या तासात मान दुखते आणि आपण म्हणतो, चुळबुळ करतो. बुडाखाली ८ ते १० सेंमीची घट्ट उशी द्या आणि तेवढ्याच उंचीचा पाट पायाखाली. फक्त उशी दिली आणि पाट विसरला तर पाय आणखी लोंबकळतात, मांडीच्या मागे कड रुतते.

आता सुरुवात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. रात्री आवरताना दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी लिहून वहीत ठेवायची, आणि ती चिठ्ठी नेमकी हवी. "गणित करणे" ही चिठ्ठी नाही. "गणित भाग २, सरावसंच २.१, उदाहरण ३ ते ५" ही चिठ्ठी. पुस्तक त्या पानावर उघडं, पेन वहीवर. शक्य असेल तर तिसऱ्या उदाहरणाची आकृती आदल्या रात्रीच काढून ठेवायची आणि तिथेच थांबायचं. अर्धवट काम हात ओढून घेतं, कोरं पान ढकलतं.

सुतारपक्षी

उत्तम धागा. जागाच नसेल तर भिंतीवरचं घडीचं टेबल, त्याबद्दल लिहितो.

फळी १८ मिमी प्लायची, ६० बाय ४५ सेंमी. उघडं पुस्तक आणि शेजारी वही मावायची असेल तर लांबी ७५ करा. भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंतची खोली ४५ पेक्षा कमी चालत नाही, कोपर हवेत राहतो. फळीच्या खोलीच्या दोन तृतीयांशापेक्षा आखूड घडीचे ब्रॅकेट चालत नाहीत, म्हणून ब्रॅकेट घेताना १२ ते १४ इंचाची जोडी मागा. ८ इंचाची स्वस्त मिळते, पण मूल पुढच्या कडेवर कोपर टेकून रेलतं तेव्हा सगळा ताण वरच्या स्क्रूवर येतो आणि तो हळूहळू सुटत जातो.

भिंत कुठली ते आधी तपासा. पक्क्या विटेच्या भिंतीत ८ मिमीची गिट्टी (भोकात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची नळी) आणि ५० मिमीचा स्क्रू पुरतो. गिलावा दीड-दोन सेंमीचा असतो, म्हणून स्क्रू आखूड घेतला तर तो फक्त गिलाव्यात बसतो. सायपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधी गिट्टी फिरते आणि निघून येते. तिथे त्या ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागून घ्या, नाहीतर भिंतीवर आधी उभी लाकडी पट्टी चार-सहा जागी पक्की करून ब्रॅकेट त्या पट्टीत कसा. टेबल लावल्यावर पुढच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघा, मगच मुलाला द्या.

सनमायका मॅट घ्या. चकचकीत पांढऱ्या सनमायकावर लॅम्पचा उजेड थेट डोळ्यात परततो, दौतटाक यांनी उजेडाचं केलेलं सगळं गणित वाया जातं. समोरच्या कडेला लाकडी लिपिंग (कडेची पट्टी) गोल घासून लावा. धारदार कडेवर मनगट ठेवून तासभर लिहिता येत नाही.

अंगतपंगत

टेबलाशिवाय काय? बऱ्याच घरांत मुलं खालीच बसतात.

दौतटाक

खाली बसून उत्तम अभ्यास होतो, पण वही जमिनीवर नको. वही जमिनीवर आली की पाठ कमानीसारखी वाकते आणि डोळे कागदापासून वीतभर अंतरावर येतात. पूर्वी मुनिमांकडे उतरत्या झाकणाचं बैठं डेस्क असे, तेच माप वापरा: पुढची कड २२ ते २५ सेंमी उंच, मागची त्याहून ७-८ सेंमी जास्त. उतारामुळे कागद डोळ्यांसमोर येतो, मान कमी झुकते. पेन घरंगळू नये म्हणून खालच्या कडेला बोटभर पट्टी ठोका. मांडी घालणाऱ्याच्या बुडाखाली चौपदरी घडीची सतरंजी द्या, ५ ते ८ सेंमी. गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली आले की पाठ आपोआप ताठ राहते. पाठ भिंतीला टेकेल अशी जागा मिळाली तर फारच चांगलं.

अंतर मोजायची सोपी खूण: मूठ हनुवटीला लावली तर कोपर वहीवर टेकलं पाहिजे. त्याहून जवळ जात असेल आणि उजेड पुरेसा असेल तर डोळे तपासून घ्या.

उजळणी

जागेवर बोलणं झालं, आता बसल्यावर काय करायचं त्यावर. कारण कोपरा कितीही छान केला तरी तोच धडा पाचव्यांदा वाचत बसलं की कंटाळा येणारच.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग इथे उपयोगाचा आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे पुन्हा वाचल्यावर "येतंय मला" असं जे वाटतं ते त्या घटकेपुरतं खरंच असतं, म्हणून तर मुलं त्यात अडकतात. डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यातही हायलायटर आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या यादीत आहेत, स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी करणं सगळ्यात वर. आणि मला वाटतं, आवड इथूनच येते. काल न आलेलं उत्तर आज आलं हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मूल पुन्हा बसतं.

ते दिसावं म्हणून कार्डांची पेटी करा. ही पद्धत जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडली. सामान फक्त बुटांचा खोका आणि कार्डशीट. ए-फोर मापाची कार्डशीट तीनदा निम्म्याने दुमडून कापली की ७.४ बाय १०.५ सेंमीची आठ कार्डं होतात. खोक्यात पुठ्ठ्याचे चार आडवे पडदे घालून पाच कप्पे करा, मागचे कप्पे रुंद ठेवा, कारण पुढे कार्डं तिकडे साठतात.

कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात घालायचं. पहिला कप्पा तपासायचा रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात.

बिघडतं कुठे ते सांगतो. पहिली चूक म्हणजे कार्डावर आख्खा मुद्दा उतरवणं. "उष्णता या धड्याचे महत्त्वाचे मुद्दे" असं कार्ड कधीच पुढे सरकत नाही, कारण पूर्ण उत्तर कधीच येत नाही. एका कार्डावर एकच गोष्ट. "नाभीय अंतर ०.५ मीटर असलेल्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती?" मागे "+२ डायॉप्टर, कारण १ भागिले ०.५". कारण लिहायचंच, नाहीतर पोपटपंची होते. दुसरी चूक उत्साहाची: पहिल्या रविवारी ऐंशी कार्डं. रोज १० नवी घातली तरी पंधरवड्यात रोजची उजळणी ४० च्या पुढे जाते, चुकलेली वेगळीच. ४० कार्डांना १५ मिनिटं लागतात, हे मानवतं. ऐंशींचा ढीग दिसला की पेटी कपाटावर जाते. एखादा आठवडा खंड पडला तर नवी कार्डं बंद ठेवून आधी साठलेली संपवा.

तिसरी चूक पालक करतात, कार्डं स्वतः सुबक अक्षरात लिहून देतात. प्रश्न कसा विचारायचा हे ठरवण्यातच अर्धा अभ्यास आहे, तो मुलाकडून काढून घेऊ नका.

पाटीपेन्सिल

भूमितीची सिद्धता कार्डावर कशी बसवायची? ती सलग लिहायलाच हवी ना?

उजळणी

बरोबर, सिद्धता कार्डाची नाही. पायथागोरसच्या प्रमेयासाठी कार्डावर फक्त पहिली पायरी विचारा: "रचना कोणती आणि का?" उत्तर: काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब, म्हणजे मूळ त्रिकोणाशी समरूप असे दोन त्रिकोण मिळतात. मुलं अडतात ती बहुधा रचनेशीच. ती आठवली की पुढचं कोऱ्या कागदावर लिहून काढायचं, मग पुस्तकाशी ताडून जिथे चुकलं तिथे लाल खूण करायची. खुणा आठवड्या-आठवड्याने कमी होत जातात, तो कागद जपून ठेवा.

वाळूचंघड्याळ

टायमरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळावरून तिला पोमोदोरो म्हणतात. चांगली आहे, पण २५ हा आकडा सगळ्यांना एकच लावू नका. तिसरी-चौथीच्या मुलाला १० ते १५ मिनिटं पुरे. दहावीच्या मुलाने २५ पासून सुरुवात करावी, पण दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा तरी सलग बसावं, कारण गणिताची एकेका भागाची ४० गुणांची प्रश्नपत्रिका दोन तासांची आणि भाषेची ८० गुणांची तीन तासांची असते. दर २५ मिनिटांनी उठायची सवय झालेलं मूल पूर्वपरीक्षेत दुसऱ्या तासाला ढेपाळतं.

टायमर मोबाईलवर लावू नका. वेळ संपली की बंद करायला हातात घेतला जातो आणि पाच मिनिटांची वीस होतात. चावीचं किंवा सेलवर चालणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ घ्या. टिकटिक त्रास देत असेल तर ते थेट टेबलावर नको, टॉवेलच्या घडीवर ठेवा. लाकडी टेबल आवाज मोठा करतं.

विश्रांती पायावर घ्यायची. पाणी पिणं, गॅलरीत जाऊन लांबच्या झाडाकडे बघणं, दोरीवरचे कपडे काढून आणणं. डोळ्यांसाठी तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटरच्या पलीकडे बघावंच. विश्रांतीत रील किंवा गेम सुरू झाला की त्याला स्वतःचा शेवट नसतो, मग तो मधेच तोडावा लागतो आणि मूल चिडून परत बसतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ बघायचे असतील तर ते दीक्षा ॲपवर आधीच उतरवून घ्या आणि बघताना फोन विमान मोडवर टाका.

दौतटाक

वाळूचंघड्याळ, सलग बसण्याचा मुद्दा राहून गेला होता, आभार.

तिन्हीसांजा

एकाच खोलीत टीव्ही असेल तर उजेड आणि टेबल कितीही नीट करा, अभ्यास होत नाही. पंख्याचा घरघर आवाज मेंदू सोडून देतो. माणसांचं बोलणं मात्र सोडत नाही, अगदी हळू असलं तरी. म्हणून मालिकेचा आवाज कमी करणं हा उपाय अर्धाच. गाण्यांचंही तसंच, शब्द असलेलं गाणं वाचताना आणि पाठ करताना आड येतं. गणिताची सरावाची उदाहरणं करताना नुसतं वाद्यसंगीत चालतं.

फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. ते नुसते खुपसले तर उपयोग होत नाही. बोटांत बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा म्हणजे तो फुगून बसतो. मळले की टाकून द्यायचे.

पण खरा उपाय घराने वेळ ठरवण्याचा आहे. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती झाल्यावर परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, आणि पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्ध्या आणि दीड पटीचे पाढे) मोठ्याने म्हणायचे. वेळ ठरलेली, काम ठरलेलं, पंधरा-वीस मिनिटांत संपणारं, आणि न बघता आठवून म्हणायचं. उजळणी यांनी वर जे सांगितलं ते सगळं त्यात आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठच्या भोंग्यापर्यंत. याची ताकद सगळ्यांनी बंद करण्यात आहे. मुलाला "अभ्यास कर" सांगून मोठी माणसं फोन बघत बसली तर त्या मुलाला शिक्षाच वाटते. घरात भोंगा नको, पण सात ते साडेआठ मोठ्यांनीही काही वाचावं, हिशेब लिहावा, भाजी निवडावी.

पाटीपेन्सिल

बक्षिसाबद्दल काय मत आहे? तक्त्यावर चांदण्या, दहा चांदण्यांना आइस्क्रीम, असं बऱ्याच ठिकाणी सुचवतात.

उजळणी

जपून. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं आधी सांगितलेली मुलं नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक मिळालं त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणून मूल आपणहून जे करतंय त्याला दर लावू नका. नावडत्या कामाची सुरुवात करून द्यायला चांदणी चालेल, पण ती गुणांवर देऊ नका. "चिठ्ठीतलं काम ठरल्या वेळी सुरू केलं" यावर द्या, ते मुलाच्या हातात असतं. आणि तीन-चार आठवड्यांत तक्ता काढून टाका.

वऱ्हाडी_ऊन

विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी थोडी भर. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा ते चार पाठांतर, सिद्धता असलं काही ठेवू नका. पहाटे साडेपाच ते आठ हाच खरा वेळ, त्यासाठी रात्री दहाला झोप हवी. चहा संध्याकाळी पाचनंतर नको, त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास जातात. कूलर थेट टेबलावर सोडला की पानं फडफडतात आणि कागद दमट होऊन शाई पसरते. कूलरचं तोंड बाजूला वळवा आणि मनगटाखाली सुती रुमालाची घडी ठेवा, घामाने अक्षर फरकटत नाही. शाईपेन वापरणाऱ्यांनी वही ७० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड कागद) पुढची घ्यावी, पातळ कागदावर मागच्या बाजूला शाई उमटते आणि निम्मी वही वाया जाते.

वीज जाते तिथे बॅटरी असलेला इन्व्हर्टर बल्ब लॅम्पमध्येच लावून ठेवा. बॅटरीवर त्याचा उजेड कमी होतो, त्यामुळे लॅम्पची मान खाली ओढा. उंची निम्मी केली की वहीवर उजेड जवळजवळ चौपट होतो.

अंगतपंगत

दोन भावंडं, एकच टेबल. एक दहावीला, एक चौथीला. कसं बसवावं?

दौतटाक

समोरासमोर नको, नजरानजर झाली की गप्पा. एकाच भिंतीकडे तोंड करून शेजारीही नको, कोपर लागतात आणि एकच लॅम्प दोघांना पुरत नाही. दहावीच्या ताईला टेबल, चौथीच्याला काटकोनातल्या दुसऱ्या भिंतीपाशी बैठं डेस्क आणि स्वतःचा लहान लॅम्प. सामान वेगळं: प्रत्येकाचा एकेक डबा, त्यात दोन पेनं, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी, कंपासपेटी. "ताई, तुझं रबर दे" यातच मोडणाऱ्या वेळाचा हिशेब कुणी ठेवत नाही.

चौथीच्याचं काम वीस मिनिटांत संपेल, मग तो घोटाळायला लागेल. त्यासाठी त्याला धाकट्याचं काम द्या: ताईची कार्डं हातात घेऊन प्रश्न विचारायचे. उत्तर मागे लिहिलेलं असतं, त्याला धडा कळायची गरज नाही. पंधरा मिनिटं, मग त्याला खेळायला सोडा.

उजळणी

यात एक करा, धाकट्याला उत्तर लगेच वाचून दाखवू देऊ नका. मनात दहा आकडे मोजायचे, मग कार्ड उलटायचं. आठवायचा प्रयत्न त्या दहा आकड्यांतच होतो. आणि कार्ड कुठल्या कप्प्यात घालायचं ते ताईनेच ठरवायचं, नाहीतर अर्ध्या उत्तरावरून भांडण जुंपतं.